उतार

क्लबातल्या बिलियर्डच्या टेबलाला उतार होता
डाव्या कोपऱ्याकडे. नवख्याला कोणी सांगत नसे.
त्याचा चेंडू सावकाश वाकडा जायचा
आणि इफोर ग्लासामागून
वेल्शमध्ये काहीतरी पुटपुटायचा.

टेबलात खोट नव्हती. जमीनच खचलेली.
खालचा कोळसा काढला आमच्याच बापांनी,
त्यांनीच हप्त्याला एकेक पेनी कापून देऊन
वर ही इमारत उभी केली.

बायकांना बारच्या पितळी दांडीपलीकडे मज्जाव.
संपाच्या वर्षी ब्लॉद्वेन दांडी ओलांडून आली,
टेबलावर फळ्या टाकल्या, बटाटे सोलायला बसली.
तीनशे ताटं, रोज.
नंतर तिला मागे जा म्हणायची
कोणाची छाती झाली नाही.

आता खाण नाही. वाचनालयात ओल,
आणि वर्गणीची वही, मेलेल्यांची नावं न खोडलेली.
गुरुवारी आम्ही पाचजण जमतो.

परवा लिलाववाला आला. टेबलावर पाणसळ ठेवून म्हणाला,
हे सरळ करून घ्यावं लागेल.

तुडुर बोलला नाही. काठीला खडू लावला,
भोक सोडून पार उजवीकडे,
भिंतीवर नेम धरून चेंडू मारला.

गेला, गेला,
आणि वळला.