गळतीची चाचणी

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमचं ऑफिस.
दोन टेबलं, तीन खुर्च्या,
आणि जमिनीतून वर येणारा रबराचा वास.
मारिका रेषा काढते, मी हिशेब.
तार्तू गावात लाकडी घरं असणाऱ्यांना ठाऊक आहे:
ही दोघं पाडू देत नाहीत.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
आम्ही घर पाहतो उकलून.
वॉलपेपरचे सहा थर,
त्याखाली वर्तमानपत्रं, तीन लिप्यांतली,
त्याखाली ओंडके,
आणि दोन ओंडक्यांच्या मध्ये
कुणीतरी बोटांनी दाबून भरलेलं शेवाळ.
शंभर वर्षं होऊन गेली. अजून कोरडं.
अशा वेळी मारिका हळू आवाजात बोलते,
कुणी झोपलेलं असावं तशी.

सगळ्यांत अवघड काम म्हणजे
न पाडलेल्या भिंतीचं बिल लावणं.
"तुम्ही नेमकं केलंत काय?" गिऱ्हाईक विचारतं.
राहू दिलं.
पण हे रकान्यात शोभत नाही,
म्हणून मी 'सल्ला' लिहितो, आणि पुढं जातो.

जानेवारीत हिल्लार ओयाचं घर आलं.
बाहेर उणे चौदा.
एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, घरात दोन स्वेटर घालून.
"मुलीनं पैसे पाठवलेत," तो म्हणाला,
मुलीनं तक्रार केल्यासारखं.

दारात लाल कापड ताणलं, कापडात पंखा बसवला.
पंखा आतली हवा बाहेर ओढतो
आणि घर, बिचारं,
जिथून जमेल तिथून श्वास घेतं.
मारिका धुराची कांडी घेऊन भिंतीभिंतीनं चालली.
खिडकीशी धूर थरथरला. लिहून घेतलं.
वळचणीखाली थरथरला. लिहून घेतलं.
विटांच्या भट्टीमागं सरळ उभा राहिला;
"शाबास," मी म्हणालो, कुणाला ते माहीत नाही.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात,
जमिनीपासून वीतभर उंचीवर,
धूर एकदम आडवा झाला.

फडताळ सरकवलं.
मागं एक भोक, करवतीनं कापलेलं, वाकडं,
त्यावर चामड्याचा तुकडा,
वरच्या बाजूला चार खिळे.

"लेइडानं केलंय. माझ्याच करवतीनं.
मी डेपोत होतो, रात्रपाळीला.
मांजरीला बाहेर जायचं होतं म्हणे.
आठवडाभर बोललो नाही मी तिच्याशी.
चांगली करवत होती. दात गेले तिचे."
पंखा चालूच होता.
चामडं फडफडत होतं, आतल्या बाजूला.
"बुजवायचं का?" त्यानं विचारलं,
आणि उत्तर यायच्या आत भट्टीत लाकूड घालायला गेला,
घालायची गरज नसताना.

मारिकानं भोक मोजलं.
चारही बाजू वेगवेगळ्या.
त्या रात्री तिनं जो नकाशा काढला
तो आमच्या फर्मचा सर्वांत लहान नकाशा:
दोन झडपा, मध्ये मेंढीच्या लोकरीचा नमदा,
कडेला लोहचुंबकाची पट्टी,
बाहेरून जवसाच्या तेलाचा रंग.
चामडं तसंच. खिळे तेच.
वाकडेपणाही तेवढाच; सुताराला दोनदा सांगावं लागलं.

वसंतात पुन्हा पंखा लावला.
आकडा ठरल्यापेक्षा जरासा वर आला.
अहवालात मी खरा आकडा लिहिला.
मुलीचा फोन आला, तार्तूच्या बाहेरून,
"एवढं करून कोपऱ्यात भोक का?"
मी झडपांबद्दल, नमद्याबद्दल बोलत राहिलो.
ती ऐकत राहिली. मग म्हणाली,
"मांजराचं नाव मीच ठेवलं होतं."
ते काय होतं, हे मी विचारलं नाही.

हिल्लार आता एका स्वेटरवर आलाय.
दुसरा खुर्चीच्या पाठीवर असतो, हाताशी.

बिलात मी लिहिलं: भट्टीची डागडुजी.
छताखाली लाकडाच्या तंतूंचा थर.
खिडक्या, नग सात.
भोक एक, ठेवलं.
त्यापुढं रक्कम काय टाकावी, कळेना.
मारिकाला विचारलं, तर ती कोट चढवत होती,
कारण आमच्या ऑफिसची खिडकी
अजून तशीच फटफटीत आहे
आणि तिथं पंखा लावून बघायचं
आम्ही दोघंही टाळतोय.