बाळसं

डब्यावर एक पान आहे, हिरवंगार,
टोकाशी न ओघळणारा दवाचा थेंब.
खाली तीन भाषांत तीच ग्वाही :
शंभर टक्के झाडपाल्याचं, अपाय नाही.
लिहिणाऱ्याने कधी धोतऱ्याचं बोंड
हातात घेतलं नसावं.
आमच्या दापोलीत शेळीसुद्धा
कण्हेरीला वळसा घालून जाते.

लवू मेस्त्री शुक्रवारी आला होता
माझ्या ओट्याखालचं दार बसवायला.
सजाच्या कॅम्पात राहतो. सजा हे गावाचं नाव,
शिक्षा नव्हे, असं तो स्वतःच सांगतो
आणि स्वतःच हसतो.
पाणी मागितलं, खिशातून दोन कॅप्सूल काढल्या.
‘गुडघो म्हंजे, ताई, गंजलेली बिजागरी होती.
आता बघा.’
तीनदा बसला, तीनदा उठला,
फरशीला हात न लावता.
मग मोबाइलवर बायकोचा निरोप ऐकवला :
‘बाळसां धरलास हो! तुमका थयचां पाणी मानवलां.’
मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.
गोल. तुकतुकीत. गालांवर लाली.
मनगटं मात्र काटकुळी,
आणि दंडावर, कशाला न आपटता उठलेले,
जांभळे डाग.

‘यातला एक डबा देता?’ म्हटलं.
‘न्या की. तुमचेय गुडघे दुखतत?’

नमुना क्रमांक चारशे बारा.
भुकटी तोलते, विरघळवते, गाळते, यंत्रात सोडते.
पडद्यावर रेघ येते,
विमानतळाच्या रस्त्यासारखी सपाट,
काही वेळ काहीच नाही,
फक्त एसीचा आवाज,
आणि अकराव्या मिनिटाला
ती अचानक ताठ उभी राहते.

हे शिखर सुंठीचं नाही.
शल्लकीचं नाही, कुठल्याच मुळीचं नाही.
याचं नाव कारखान्यातलं :
डेक्सामेथासोन.
डॉक्टर मोजून देतो
आणि काढून घेतो तेही मोजूनच.
लेबलवर याच्या जागी ते पान आहे.

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं.
वाटत होतं, हात चुकला असेल.
हात चुकला नव्हता.

आता सगळं रीतसर होईल.
अहवालावर शिक्का, परिपत्रक,
मंगळवारी रोल्यातल्या दुकानांतून गाडी फिरेल,
मधाच्या बाटल्या आणि केसांच्या तेलामधली
ती रांग रिकामी होईल.
दुकानदार म्हणेल, मला काय ठाऊक, मी तर पान बघितलं.
हे व्हायलाच हवं. याचसाठी मला पगार मिळतो.

पण शरीराला परिपत्रक कळत नाही.
रोज आयतं मिळतंय म्हटल्यावर
लवूच्या आतली ती एवढीशी ग्रंथी
काम सोडून झोपी गेलेली असणार,
आणि उद्या कुणी सांगितलं, विष आहे, फेक,
तर तो फेकेल. साधा माणूस.
मग बेचाळीस अंशांत, सळया आणि फळ्यांमध्ये
कुठेतरी पाचव्या मजल्यावर
त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल.

म्हणून अहवालाच्या आधी फोन.
‘लवू, ऐका. त्यात खोट आहे.
पण आज बंद करू नका.’
‘खोट आसा तर खाऊ कशाक?’
‘उद्या डॉक्टरकडे जा. डब्यासकट जा.
ते हळूहळू उतरवतील.’
‘उतरवतील,’ तो म्हणाला,
जिन्याबद्दल बोलावं तसं.

मागे कुणीतरी कांदा परतत होतं,
कुणाचा तरी रेडिओ.
बराच वेळ तो बोलला नाही.
मग विचारलं, अगदी हळू,
कॅम्पातल्या बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं :
‘म्हंजे ह्यां बाळसां माझां न्हय?’

मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.
एवढं यंत्र हाताशी असून
एवढंच म्हटलं.

ओट्याखालचं दार छान बसलंय.
बोटाने ढकललं तरी
आवाज न करता मिटतं.