वेअरचा तास

सांगलीहून वडापनं मिरजेला येतो, साडेसहाला,
नर्सिंगच्या पोरींना इंग्रजी शिकवायला.
ड्यूटी उतरून येतात. हाताला स्पिरिटचा वास,
एक डोळा घड्याळावर.
त्यांना आयर्लंडला जायचंय.

आज 'इफ आय वेअर'.
सुजाता वाघमोडेनं लगेच हात वर केला:
सर, आयच्या पुढं वॉज असतं. तुम्हीच शिकवलंत.
शिकवलं होतं, खरंय.
पण पोरी, जे नाही, आणि नाही हे आपल्याला पक्कं माहीत आहे,
तिथं इंग्रज मुद्दाम चुकतो.
आपण नाही का म्हणत,
मी डॉक्टर असते तर.
असते. म्हणजेच नाही.

आणि माहीतच नसेल तर?
तर वॉज. काल रात्री ती ड्यूटीवर असेल
तर रजिस्टरला सही असेल. जा, बघ.
जे उघडून बघता येतं त्याला वॉज.

मग दुसरं. डॉक्टर म्हणाले, पेशंटला वर हलवावं:
दॅट ही बी मूव्हड.
इज नाही, वॉज नाही, नुसतं बी.
स्ट्रेचर अजून दारातच आहे,
पेशंटला कुणी हात लावलेला नाही,
म्हणून क्रियापदही तसंच, काळाचं लेबल न लावलेलं.
हे त्यांना पटकन कळलं. रोजचंच आहे त्यांचं.

यास्मिन सतारमेकर मागच्या बाकावरून म्हणाली,
आमच्यात तानपुऱ्याच्या घोडीवर
तारेखाली सुताचा दोरा सरकवतात.
दोरा नसला तरी तार वाजते, सर. पण बंद वाजते.
वेअर तसलं आहे का?
असावं, म्हटलं मी.
चाळीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

वह्या घरी आणल्या. तिचं वाक्य:
इफ माय ब्रदर वॉज अलाइव्ह, ही वुड कॉल होम.
लाल पेन वॉजवर टेकवलं.
भाऊ चार वर्षांमागं दोन तानपुरे घेऊन
धारवाडला निघाला.
तानपुरे पोचले.
हे मला पोरींनीच सांगितलेलं, जिन्यात.

नियम माझाच. पुढं वुड आहे, म्हणजे वेअर हवं.
पण वेअर लिहायचं तर आधी
नाही, हे माहीत असावं लागतं.

वॉजच्या डोक्यावर लाल ठिपका पडलाय, तेवढाच.
पान उलटलं.
जाईल परीक्षेत एखादा मार्क.
जावो.