शेवटचा बदल, रात्री सव्वादोन

फाइलीचं नाव: आवक जावक अंतिम दोन खरी.
अंतिम एक कुठे गेली, कुणी विचारत नाही.
रबाळ्यात, गॅस्केट आणि सील बनवणाऱ्या आमच्या शेडमध्ये
सकाळी मी ही शीट उघडते
तेव्हा तिच्यात रात्र आधीच भरून ठेवलेली असते.

मढवींना मी आठ महिने पाहिलंच नव्हतं.
त्यांची रात्रपाळी, माझी दिवसाची.
ओळख होती ती एका रकान्यापुरती:
शेरा.
तिथे ते लिहीत,
"ओ-रिंग साठ नग. खोकं उंदराने पाहिलंय, मोजून घेणे."
"पिवळी नळी दाखवतात तेवढी नाही."
"मॅडम, तुमची बेरीज बरोबर. चूक माझी. खोडली नाही, राहू द्या."

कधी मी लवकर यायचे, त्यांना निघायला उशीर व्हायचा.
मग शीटवर दोन रंग,
माझा जांभळा, त्यांचा शेवाळी,
आणि त्यांचं एका बोटाने लिहिणं मला इथून दिसायचं:
ग. मग काना. मग बराच वेळ काही नाही.
ळ सापडेपर्यंत माझा चहा ओतून व्हायचा.
गाळणी, पाव इंची, चार.
त्या चौकटीत मी शिरत नसे.
पाट्यावर कुणी वाटत असताना
आपण मध्ये हात घालत नाही, तसं.

ऑडिटच्या आठवड्यात ते दिवसा आले.
बुटके, चष्म्याला दोरी, हातात सुकटीचा डबा.
मी त्यांना फाइलीचा इतिहास उघडून दाखवला.
कडेला तारखांची रांग,
कुणी काय घातलं, कुणी काय काढलं,
काढलेल्यावर आडवी रेघ.
ते खुर्ची ओढून बसले.
मार्च, फेब्रुवारी, संक्रांत, दिवाळी,
खाली खाली उतरत राहिले
आपल्याच चुका ओळखत, हसत.
मग पहिली तारीख आली, आणि रिकामे रकाने.
"याचे मागं नाय जात?"
नाही, म्हटलं, फाइल इथूनच सुरू होते.
"फाइल," ते म्हणाले.

आणि खिडकीतून बोट दाखवलं.
रस्त्यापलीकडची बिनखिडक्यांची इमारत,
गच्चीवर पंखेच पंखे,
अष्टौप्रहर घुमणारी.
"तुमचा ढग तो व्हय? आमचे खालचे खाचरान उतारलाय.
एमआयडीसीनं घेतला तवा मी बापाचे खांद्यावं व्हतो."
एवढंच.
मग त्यांनी वॉशरचा हिशोब काढला.

आमची शीट तिथेच असते का, मला माहीत नाही.
आयटीचा सिजू म्हणतो, सिंगापूरलाही असेल,
किंवा तीन गावांत थोडी थोडी.
पत्ता विचारायचा नसतो.

त्या सोमवारी ओळ चारशे बारा नवीन होती.
वस्तू: राता भात.
नग: नऊ मण.
जागा: खालचं खाचर.
शेरा: मोजणी बापाची. पोच मिळालेली नाही.

एकूण बेरीज नऊने चुकली.
शिरोडकर साहेबांनी मला टॅग केलं: हे काय?
मी उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.
शेवटी सूत्रच बदललं:
चारशे अकरापर्यंत, आणि पुढे चारशे तेरापासून.
बेरीज जुळली. साहेबांची टिप्पणी
निकाली काढली.

ओळ आहे अजून.
दर महिन्याला नवी प्रत काढली की
आपोआप पुढे येते, बाकीच्या मालासोबत.

काल झोप येईना म्हणून मोबाइलवर शीट उघडली.
रात्रीचे सव्वादोन.
शेवाळी रंग चारशे बाराच्या शेऱ्यात थांबलेला.
एक अक्षर उमटेना.
मी जांभळा घेऊन जवळ गेले नाही.
वर बारीक अक्षरांत लिहून आलं:
सर्व बदल जतन झाले.

मग तो रंग एक घर खाली सरकला.
चारशे तेरा, पिवळी नळी:
अजूनही तेवढी नाही.