शब्द मोजले ती रात्र

उन्नती बोलायला लागली की थांबत नाही, हे अख्ख्या सावळापूरला माहीत.
नळावर, एसटीत, तूर सोंगताना,
तिचं एक वाक्य या धुऱ्यावर सुरू होतं
आणि त्या धुऱ्यावर जाऊनही संपत नाही.

त्या रात्री मी उंबरा ओलांडला तेव्हा ती म्हणाली,
"आशाताई...
मले...
जरा..."
पुढचं खांद्यांनी सांगितलं.

बॅग उघडायच्या आधी मी शब्द मोजले.
एका श्वासाला एक.

दिवसभर थ्रेशर चालला होता घरामागं.
तुरीचं कुटार अजून हवेत होतं,
दिव्याखाली दिसत होतं, पिवळं, निवांत.
दारं-खिडक्या बंद. पोरगी बाजेवर उताणी, अंगावर दोन वाकळी.
उशाशी मामीनं ओव्याची धुरी केलेली.

"उचला ते पहिले. दार उघडा. बसवा तिला."
बसली तशी पुढं वाकली, हात गुडघ्यांवर,
विहिरीत पडलेली बादली शोधावी तशी.
गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत.
फासळ्यांमधली कातडी आत.
मिनिटाला चौतीस.

"पंप कुठाय?"
रत्नकला भिंतीकडं पाहत राहिली.
"आमच्याकडं नाही बाई तसलं काही."

मला माहीत होतं, आहे.
दिवाळीत सरकारी दवाखान्यातून मीच आणून दिले होते दोन,
एक रोजचा, एक अडीनडीचा निळा.
तेव्हा ती हळूच म्हणाली होती,
"पोरीची जात. उद्या पाहुणे येतीन.
पंपवाली म्हनून नाव निंघालं तं?"

मग छातीतली शिट्टी थांबली.

"पाय, झालं शांत," बाप म्हणाला,
आणि त्यानं बाहेर जाऊन बिडीसाठी खिसा चाचपला.

माझ्या पोटात गोळा आला.
शिट्टी वाजते तोवर हवा जाते-येते.
ही शांतता
बरं झाल्याची
नव्हती.
बोटाला चिमटा लावला. अठ्ठ्याऐंशी.
ओठांवर जांभळाचा रंग,
आणि पूस महिन्यात जांभळं कुठली.

मी एकशे आठ लावत होते. मागं डबा वाजला.
रत्नकलानं कोपरापर्यंत हात घातला होता
तुरीच्या डाळीत.

निळा पंप. तोंडात अडकलेला एक दाणा
मी ठोकून पाडला. हलवला.
पाण्याची बाटली, बुडाला भोक,
भोकात पंप, तोंड तिच्या ओठांत.

एक दाब.
घे.
सोड.
घे.
सोड.
रत्नकला मोजत होती मोठ्यानं, भाकरी मोजतात तसं.
पाच झाले की
पुन्हा एक.
घे.

गाडी फाट्यावरून बावीस किलोमीटर.
रस्ता कसा आहे ते सांगायला नको.
मी पुन्हा हलवला. पुन्हा मोजलं.
कुत्रं भुंकलं तरी वाटायचं, आली.

आधी शिट्टी परत आली.
बारीक, चिरकी, जात्याच्या खुंट्यासारखी,
आणि मी देवाचं नाव घेतलं नाही कधी, तरी घेतलं.
मग ती म्हणाली, "पाणी दे."
दोन.
मग, "माय रडू नको वं."
चार.

गाडीत तिच्या नाकावर मास्क,
मास्कात वाफ.
रत्नकलानं पदराच्या गाठीत बांधलं होतं काहीतरी,
मी विचारलं नाही, दिसत होतं निळं.

तिसऱ्या दिवशी एसटीतून उतरताना उन्नती मला म्हणाली,
"आशाताई तुमी आलते तवा मले सगळं आयकू येत होतं पन सांगता येत नव्हतं अन् मामीची ते धुरी मले तवाच उचलून फेकावी वाटत होती अन् पाहुणे आले तं आता मीच पयले पंप दाखवीन म्हनीन हा आहे रोज दोन टाइम घेते पसंत असन तं बोला नाही तं चहा पिऊन जा"

मी मोजायला घेतलं होतं.
धुऱ्यापाशी सोडून दिलं.