दुसरा उकार

विषय मंजूर व्हायला एकवीस महिने लागले.
समितीतले एक सर दोनदा विचारून गेले,
'फळा हे माध्यम आहे का, मॅडम?
की भिंत?'
मी म्हणाले, माध्यम.
मग शीर्षकात 'पारंपरिक' घाला, म्हणाले.
घातलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी
विद्यापीठाच्या गेटावरून केएमटी पकडून
गंगावेशीत उतरते.
दूध कट्ट्याशेजारी, सायकल दुकानाच्या भिंतीवर
तीन बाय चार फुटांचा काळा चौकोन
आणि त्याच्यापुढं स्टुलावर मिठारीकाका,
बारदानाच्या ओल्या तुकड्यानं
कालचं गाव पुसत.

मी मोबाइलवर फोटो काढते. क्रमांक तीनशे बारा.
वही उघडते.
किती ओळी, किती शब्द, बातमीचा उगम काय?
'उगम?' ते हसतात. 'अगं, नदी हाय व्हय ती?
त्यो सांगतोय, ह्यो सांगतोय,
दोघांचं जुळलं की लिवायचं.
न्हाई जुळलं तर दूध पिऊन घरी जायचं.'
हे मी पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात
'द्विस्रोत पडताळणी' म्हणून लिहिलं.
मॅडमनी शेजारी बरोबरची खूण केली.

जुन्या बातम्या कुठं आहेत, पहिल्याच दिवशी विचारलं होतं.
एकोणचाळीस वर्षं. कुठंतरी नोंद असेल, एखादी वही.
त्यांनी बारदान पिळलं.
पांढरं पाणी गटारात गेलं.
'ही बघ, चालली.'

फेलोशिप मार्चपासून थकलीय.
राजारामपुरीतल्या खोलीत आम्ही तिघी, एक टेबल,
त्यावर माझी पाळी रात्री अकरानंतर.
आई फोनवर विचारते, झालं का गं तुझं पुस्तक?
पुस्तक नाही आई, प्रबंध.
मग त्याला गिऱ्हाईक कोण?

तिसऱ्या प्रकरणात एक आकृती आहे:
प्रेषक, बाण, संदेश, बाण, ग्राहक
आणि खालून वळून परत येणारा एक तुटक बाण,
प्रतिसाद नावाचा.
तो काही केल्या नीट बसत नाही.
वर एखादी ओळ वाढली
की सुटून पुढच्या पानावर जाऊन पडतो,
एकटाच.

गेल्या मंगळवारी काकांचा उजवा हात गळ्यात अडकवलेला.
सायकलवरून पडले होते, सायकल दुकानासमोरच.
'तू लिव.'
संशोधकानं क्षेत्रात हस्तक्षेप करू नये,
हे मी कोर्सवर्कच्या पेपरात
दहा गुणांसाठी लिहून आलेय.
खडू घेतला.

जलवाहिनीची दुरूस्ती.
उद्या सी व डी वॉर्डात पाणी येणार नाही.

ओळ उजवीकडं घसरत गेली.
म्हशीची दोरी धरून एकजण थांबला.
वाचलं. म्हशीला थोपवून परत वाचलं.
'ताई, दुरुस्तीच चुकलीया.
रु ला पैला उकार.
आधी ती दुरुस्त करा, मग पायपाचं बघू.'
कट्ट्यावर ग्लास धरून बसलेले सगळे हसले.
एकाच्या मिशीला फेस तसाच.
मी बोटानं दुसरा उकार पुसला,
पहिला काढला.
तोवर म्हैस त्याला घेऊन गेली होती.

वय, शिक्षण, व्यवसाय, वाचनाची वारंवारता:
त्याच्या प्रश्नावलीत
एकही रकाना भरलेला नाही.

बुधवारी काका म्हणाले,
सी वॉर्डातल्या बायका रात्रीच पिंपं भरून निवांत.
मी नोंद करायला वही काढली
आणि लक्षात आलं, फोटोच काढला नव्हता.
भिंतीवर माझं अक्षर अजून होतं, उतरतं,
'रु' भोवती बोटाचा ढग.
मोबाइल बाहेर काढला, तेवढ्यात
काकांनी डाव्या हातानं बारदान पुढं केलं.
'पूस आता. आजचं लिवायचंय.'

परिशिष्ट दोनच्या यादीत
तीनशे बारानंतर थेट तीनशे चौदा येतो.
मॅडमनी लाल पेनानं गोल केलाय.
त्यांना वाटलं, टंकदोष.