सरासरी

कुपवाडच्या सूतगिरणीला कुलूप लागून तेवीस दिवस.
विमा कार्यालयातला पंखा फक्त कारकुनाला वारा घालतो.
"रोजच्या पगाराची सरासरी, तिचं निम्मं."
बोटाला थुंकी लावून तो
माझी दोन वर्षं उलटतो.

पावतीवर रोज तीनशे दहा.
जादा पाळीचे दीडशे मुकादम हातावर ठेवायचा,
ते कागदाला ठाऊक नाहीत,
माझ्या डोळ्यांना आहेत.

मग एक महिना येतो, नुसत्या रेघांचा.
"इथं काय झालं होतं, मुजावरबाई?"
इथं अम्मी मिरजेला दवाखान्यात होती.
मी पायथ्याशी बसून
नळीतले थेंब मोजत होते.
"हेही धरलंत सरासरीत?"
"धरावंच लागतं."

एकशे अठ्ठेचाळीस.
खाली दोन रेघा.

बाहेर अंजना पत्रावळे उभी.
तिचा कधी खाडा नाही;
सासऱ्याच्या मातीलासुद्धा
पाळी संपवून गेलेली, केसांत कापूस तसाच.
तिला एकशे पंचावन्न.

सात रुपये.
आम्ही दोघी गप्प.
मग तिनं गाड्यावर एकच चहा सांगितला,
बशीत ओतला
निम्म्याहून जरा जास्त,
आणि बशी माझ्याकडं सरकवली.